गदग सोडून सगळ्या जत्रा

फक्कीरव्वा आमच्या नाटक कंपनीत आली ती स्वयंपाकाला. कोप्पळच्या जत्रेत तंबूमागे तीन दगडांची चूल मांडून चाळीस माणसांच्या ज्वारीच्या रोट्ट्या थापायची. वय सतरा. दोन वर्षांनी आमची विनोदी नटी लग्न करून दावणगेरेला निघून गेली आणि तिसरी घंटा व्हायच्या आत मालकांनी या पोरीच्या तोंडाला रंग फासून तिला रंगमंचावर ढकललं. समोर उभा होता आमचा विनोदी नट गुळप्पा.

प्रवेश साधाच. नवरा जेवतोय, बायको वाढतेय. "दोन रोट्ट्या गिळल्यास, तिसरी कशाला रे?" असं तिनं म्हणायचं. गुळप्पाला लिहून दिलेलं उत्तर एकच होतं, पण तो रोज नवं द्यायचा. त्या दिवशी म्हणाला, "पहिली माझी, दुसरी तुझ्या बापाच्या नावानं, तिसरी साक्षीला!" पोरगी खरंच हसली आणि तिच्या मागोमाग अख्खा तंबू हसला. तिथून पुढं चाळीस वर्षं ही दोघं रोज तीन तास नवरा-बायको होती. उरलेल्या एकवीस तासांत काय होती ते कंपनीत कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एवढं खरं, की तिनं लग्न केलं नाही. त्याची बायको लवकर वारली, आणि जेवायला तो कायम हिच्या चुलीपाशीच बसायचा.

फिरत्या कंपनीतल्या माणसाला घर नसतं. जत्रा संपली की तंबू उपटायचा, पुढच्या गावी ठोकायचा. पुढं हप्त्यांचे दिवस आले, फोन, शिलाई मशीन सगळं हप्त्यानं मिळायला लागलं, तेव्हा दुकानदार विचारायचे, पत्ता काय? पत्ता फक्त फक्कीरव्वाकडं होता. गदगला लागून असलेल्या बेटगेरीत, विणकरांच्या गल्लीत, आईनं मागं ठेवलेली एक खोली. मग काय! तबलजीचा फोन, कपडेवाल्याचं मशीन, सगळं हिच्या नावावर. मीही एक पंखा घेतला होता. ज्याची वस्तू त्यानं हप्ता भरायचा, अंगठा आणि आधार हिचं, अशी आमची रीत. आम्हाला त्यात काही वावगं दिसलंच नाही. कंपनीत एकाचा पोशाख दुसरा घालतो, तसंच ते. गुळप्पानं शेवटी शेवटी मोटारसायकल घेतली. कागदावर फोन नंबर त्याचा, पत्ता हिचा.

मग कोरोना आला आणि तंबू जो गुंडाळला तो गुंडाळलाच. मालकांनी खुर्च्या विकल्या, पडदे विकले. जो तो आपापल्या दिशेला गेला. गुळप्पा मोटारसायकलवर बसून "आठवड्यात येतो" म्हणाला आणि गेला. फोन आधी लागेना, मग बंदच झाला.

मी बेटगेरीतच दोन गल्ल्या पलीकडं भाच्याच्या घरी राहतो. फक्कीरव्वा पुन्हा चुलीपाशी आली. कडक रोट्टी, शेंगा चटणी, अळशीची चटणी. गल्लीतल्या लोकांना विकून कितीसं सुटणार? मी म्हटलं, "फक्की, आपण जाहिरात करू या. जीपवर कर्णा बांधून पन्नास खेडी मी फिरलोय, हा फोन काय मोठा!"

पहिला व्हिडिओ माझाच. छातीवर हात ठेवून मी गरजलो, "रसिक मायबाप हो! आज, उद्या आणि परवा! बेटगेरीच्या भूमीवर, कुरकुरीत, खुसखुशीत..."

"अण्णा, रोट्टी विकायचीय की द्रौपदीचं वस्त्रहरण करायचंय?" ती म्हणाली. तो व्हिडिओ अकरा जणांनी पाहिला. त्यातली चार माझी भावंडं.

दुसरा मी तिच्या नकळत केला. ती थापत होती, मी फोन धरून बसलो होतो आणि सहज म्हटलं, "तो तिसरीचा प्रवेश कर की." तिनं मान न उचलता म्हटलं, "दोन रोट्ट्या गिळल्यास, तिसरी कशाला रे?" आणि सवयीनं उजवीकडं बघितलं, जिथं गुळप्पा बसायचा. उत्तराची वाट बघत थांबली. उजवीकडं पिठाचा डबा होता. मग तिचा हात पुन्हा पिठावर पडला.

तेवढाच व्हिडिओ. लोकांना ते थांबणं आवडलं. खाली उत्तरं लिहायला लागले. "तिसरी तुझ्या हातची म्हणून", "तिसरी सासूला पार्सल", काय न काय. फक्कीरव्वा दर आठवड्याला एक व्हिडिओ करू लागली, दर वेळी उजवीकडं बघून थांबायची. हुबळी, बेळगाव, पार बंगळुरूहून मागण्या आल्या. गल्लीतल्या चार बायका कामाला आल्या. मग बंगळुरूच्या एका वसतिगृहानं महिन्याला पाच हजार रोट्ट्या मागितल्या. संक्रांतीपासून हव्यात म्हणाले. हातानं ते होण्यासारखं नव्हतं. पीठ मळायचं आणि रोट्टी दाबायचं यंत्र हवं होतं आणि यंत्राला कर्ज.

बँकेत मी सोबत गेलो. अधिकारी कुष्टगी मॅडम, चष्मा डोक्यावर चढवून बोलणाऱ्या. त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी काढलं आणि कागद पुढं सरकवला.

"आजी, तुमचा क्रेडिट स्कोअर फार खाली आहे."

"मी आजवर कुणाचं काही बुडवलं नाही, मॅडम."

"तुम्ही नसेल बुडवलं. तुमच्या नावानं बुडालंय. हे बघा, तुमच्या नावावरची सगळी कर्जं." त्या एकेक ओळ वाचत गेल्या. "फोन, फिटला. शिलाई मशीन, फिटलं. पंखा, फिटला."

मी तोंड भिंतीकडं वळवलं. फक्कीरव्वा मात्र हसत होती. तिच्या दृष्टीनं ती यादी म्हणजे नाटकाच्या पात्रांचा तक्ता होता. "हा आमचा तबलजी. हा कपडेवाला मौलाली. सगळ्यांनी भरले बघा, अण्णा!"

"मोटारसायकल," मॅडम म्हणाल्या, "चौदा हप्ते वेळेवर. मग थांबले. कागद आले असतील ना घरी?"

आले होते. जाडजूड, इंग्रजी. जाहिराती असाव्यात म्हणून तिनं ते रोट्टीच्या डब्यांत तळाशी अंथरले होते.

"वसुलीला कुणी आलं नाही, कारण मधून मधून थोडे थोडे पैसे येत राहतात," मॅडम म्हणाल्या. "हे शेवटचं, मागच्या महिन्यातलं."

फक्कीरव्वाचं हसू गेलं. "मागच्या महिन्यात?"

"हो."

"म्हणजे आहे," ती म्हणाली. "अण्णा, गुळप्पा आहे."

मॅडमनी समजावलं. दोघंच असताना मी तिला पुन्हा समजावलं. असे तुटक पैसे येत राहिले की हिशोब उघडा राहतो आणि दर महिन्याला हिच्या नावाला नवा डाग लागतो. पैसे पूर्ण भरून 'बंद' असं लिहून आणलं की मॅडम कर्जाचा विचार करणार. कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता की निम्म्यात तडजोड करून टाका. मॅडम म्हणाल्या, तसं करू नका, तडजोडीचा शिक्काही पुढं वर्षानुवर्षं नडतो. पूर्ण भरा. पूर्ण भरण्याएवढे पैसे रोट्टीनं दिले होते. उद्या भरले असते तरी चाललं असतं.

ती भरेना.

आधी तिनं हुबळीला त्या कर्ज कंपनीच्या कचेरीत जाऊन खात्यावर आपला फोन नंबर घातला आणि सगळा तपशील छापून आणला. कुठल्या गावच्या काउंटरवर किती भरले, तारखेनिशी. दुपारी तो कागद घेऊन माझ्याकडं आली आणि पुढ्यात ठेवला. मी चष्मा लावला. जानेवारीत कोप्पळ, मग बदामी. पुढं कोट्टूर, मार्चात कलबुर्गी, एका वर्षी शिरसी, बाकीच्या महिन्यांत मधूनच एखादं लहान गाव. मी एकदा वाचलं, दोनदा वाचलं. आमच्या तंबूचा रस्ता होता तो. कोप्पळची जत्रा, बदामीची बनशंकरी, कोट्टूरचा रथ. कंपनी नव्हती, पण हा माणूस त्याच तारखांना त्याच गावांतून फिरत होता. फुगे विकत असेल, पाळण्याची तिकिटं फाडत असेल, देव जाणे. विकून चार पैसे जमले की त्या गावच्या काउंटरवर भरत होता.

"एप्रिलात बघा," ती म्हणाली.

एप्रिल कोरा होता. दर वर्षी कोरा. एप्रिलात गदगला तोंटदार्य मठाची जत्रा भरते, आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. आमचे प्रयोग तिथं दर वर्षी हाऊसफुल्ल जायचे.

"गदग सोडून सगळ्या जत्रा करतो," ती म्हणाली.

"तोंड कसं दाखवेल? पैसे राहिलेत ना."

"मी पैशाला रडतेय का?"

"मग बदामीला जाऊ आपण. बनशंकरीत शोधू."

"मी समोर गेले तर वसुलीला आली म्हणून पळेल तो. विंगेतनं पळणारा माणूस. तुम्ही ओळखता की त्याला."

ओळखत होतो.

तीन-चार महिने गेले, संक्रांत जवळ येत होती. त्या चार बायका रोज विचारायच्या, "अक्का, यंत्र कधी?" ती म्हणायची, "बघू." एकदा वसतिगृहाचा फोन आला, दुसऱ्या कुणाला देऊ का म्हणून. मी चिडलो. म्हटलं, "फक्की, चार घरांच्या चुली तुझ्यावर आहेत. एका माणसाच्या पाचशे रुपयांसाठी किती दिवस थांबणार?"

"अण्णा, महिन्याच्या दहा तारखेला तो कागद येतो फोनवर. मी उघडते. कधी काही नसतं. कधी असतं, तीनशे, पाचशे. असलं की कळतं, जिवंत आहे, पाय चालताहेत, मला विसरला नाही. पैसे भरून टाकले की ते बंद. मग कुठनं कळणार मला?"

रंगमंचावर चाळीस वर्षं खलनायक होऊन मी या बाईला छळलं, घराबाहेर काढलं, तिची शेतं लाटली. त्या वेळी तोंडात शब्द असायचे. आता मी तिचा फोन घेऊन दहा तारखेचा तो कागद स्वतः उघडून बघितला.

चार दिवसांनी ती स्वतःच आली, निळं लुगडं नेसून. "चला. त्या चार बायकांतल्या शांतव्वाच्या पोरीची फी भरायचीय. किती थांबवू त्यांना?"

हुबळीच्या कचेरीत काउंटरवरच्या तरुण कारकुनानं पैसे मोजले, शिक्का मारला, 'देणं नाही' असं पत्र हातात दिलं. ती काउंटरवरून हलेना.

"आता या खात्यात कुणी पैसे भरायला आला तर?"

"कॉम्प्युटर घेणार नाही, आजी. खातं बंद म्हणून सांगतील."

"कुणी मिटवलं ते सांगतील?"

"नाही. का सांगतील?"

"सांगायला लावा."

"आजी, आमची काउंटरं शंभर ठिकाणी. तो कुठं येणार, कुणाला माहीत?"

"मला माहीत," ती म्हणाली आणि सांगायला लागली. "जानेवारीत पौर्णिमेनंतर कोप्पळ. रथाच्या तिसऱ्या दिवशी येईल, त्याआधी त्याच्याकडं पैसे नसतात. मग बदामी, तिथं जत्रा महिनाभर चालते, पण तो शेवटच्या आठवड्यात येईल. कोट्टूरला फार थांबत नाही. कलबुर्गीत उन्हानं डोकं दुखतं त्याचं, तिथं सकाळीच येईल."

मागं रांग लागली होती. एकानं खाकरलं. कारकून आधी हसला, मग त्यानं माझ्याकडं बघितलं, मग हसायचं थांबला. त्यानं एक कोरी पावती उलटी केली, पेन घेतलं.

"आणि काय सांगायचं?"

तिनं थोडा विचार केला. "पैसे नकोत म्हणावं. एप्रिलात ये म्हणावं."

तो खरंच लिहून घेत होता की नुसतं पेन फिरवत होता, हे काचेमुळं मला नीट दिसलं नाही.