नकाशावरचं कोरं घर

डॉक्टर गजभिये कुणालाही "कसे आहात?" असं विचारत नसत. "पानी कुठचं पेता जी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या बापाला हाच आणि सांत्वनाला गेले तर रडणाऱ्या घरालाही हाच. साहजिकच मांडवात त्यांना बोलावणारे कमी होत गेले. ते साथींचे डॉक्टर. त्यांची जीप गल्लीत शिरली की दारं पटापट लागत. साहेबामागून मरण येतं, अशी लोकांची समजूत होती.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे लाल मुरमाची धूळ आणि मजुरांच्या झोपड्या. मी भंडाऱ्याकडचा, आरोग्य खात्यात कारकून. अक्षर बरं म्हणून डॉक्टरांनी मला नकाशे काढायला बसवलं. मी शाईनं झोपड्या काढायच्या. ते घरोघर फिरून आले की जिथं आजारी असेल तिथं लाल पेन्सिलीनं ठिपका देत.

"मेश्राम, दवाखान्यातला डॉक्टर मानूस तपासते. मी वस्ती तपासतो," ते म्हणत. "त्याले लोक हार घालतात. न झालेल्या बिमारीचा हार कोन घालन?"

असं बोलून ते एकटेच हसत. क्वार्टरातही एकटेच. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. शेजारचे अधिकारी संध्याकाळी पत्ते कुटायला जमत, पण डॉक्टरांशी त्यांची ओळख फाटकापुरती. डॉक्टर आमच्यातले, बुद्धाची दीक्षा घेतलेले, हे त्यांना आडनावावरूनच कळलं होतं. मग रविवारी ते आमच्या वस्तीत येत. भागाबाई नावाच्या म्हातारीकडची भाकर आणि तिखटजाळ चटणी खात, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबत नसत. आठवड्यातलं त्यांचं माणसांतलं जेवण तेवढंच.

वस्तीत एक विहीर होती. आमच्या माणसांनी कारखान्याची पाळी सुटल्यावर, हातानं खणलेली. मागं गावात विहिरीला शिवायची बंदी, तिथं भागाबाईची उभी हयात वरून कुणीतरी पाणी ओतेल म्हणून वाट पाहण्यात गेली होती. या विहिरीवर तिनं पहिली बादली स्वतः ओढली आणि काठावर बसून हमसाहमशी रडली. डॉक्टर त्या दिवशी तिथं होते. "माही मायही अशीच उभी राहे, घागर घेऊन," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या उन्हाळ्यात हैजा, म्हणजे कॉलरा, आला. डॉक्टर तीन दिवस झोपड्या पालथ्या घालत होते. चौथ्या दिवशी त्यांनी नकाशावर ठिपके दिले आणि पेन्सिल खाली ठेवली. ठिपके विहिरीभोवती दाटले होते. एका ठेकेदारानं वरच्या अंगाला संडासाचे चर खणले होते आणि त्यातली घाण मुरमातून खाली विहिरीत झिरपत असावी.

"परत मोज," ते म्हणाले. मी परत मोजलं. "आनखी एकदा मोज."

दुसरी कुठलीही विहीर असती तर त्यांनी त्याच दुपारी बंद केली असती. इथं आठ दिवस ते ब्लीचिंग पावडर टाकत राहिले, उकळून प्या म्हणून दारोदार विनवत राहिले. ठिपके वाढतच गेले. त्या आठ दिवसांत दोन माणसं गेली. "ते दोघं माह्या खाती," असं ते पुढं कायम म्हणत.

आणि मी? मी नकाशा पाहिला त्याच संध्याकाळपासून ऑफिसच्या नळाचं पाणी दुधाच्या कॅनमधून घरी नेऊ लागलो. विहिरीचा एक थेंबही प्यायचा नाही, असं बायकोला बजावलं. शेजाऱ्यांना मात्र काही बोललो नाही. विहिरीला नावं ठेवणारा पहिला माणूस व्हायची माझी छाती नव्हती. दुसऱ्या फेरीत डॉक्टर माझ्या घरी आले, तेव्हा बायको सरळ सांगून बसली, "हे ऑफिसातून आनतात जी." त्यांनी वहीत लिहून घेतलं. मला मात्र त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

विहीर बंद करण्याआधी त्यांनी वस्तीची सभा घेतली. नकाशा बाजेवर पसरला. माणसं खवळली होती.

"पानी काचेसारखं साफ हाय! पुरावा द्या!"

"ह्या विहिरीचं पानी पेलं नाही अन् वाचलं, असं एक घर दाखवा!"

डॉक्टरांचं बोट विहिरीच्या लगतच्या ओळीवरून सरकत गेलं. त्या ओळीत प्रत्येक घरावर ठिपका होता. एकच घर कोरं होतं, ते माझं. बोट तिथं थांबलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होतो. मग त्यांनी नकाशाची घडी केली.

"दाखवत नाही. उद्यापासून विहीर बंद. टँकर येईन."

भागाबाई पुढं आली. "तुह्या मायनं घागर घेऊन वाट पाह्यली, अन् तू आमची विहीर बुजवून राहिला? साहेब झाला तं आमाले इसरला?"

"शिव्या द्या, मावशी. पन पानी टँकरचं प्या," ते म्हणाले आणि जीपकडे निघाले. मागून कुणीतरी "गद्दार" म्हणालं. मी गर्दीतच उभा होतो.

साथ ओसरली. लोक म्हणाले, हैजा तसाही जाणारच होता. पुढं नळ आले, तरी डॉक्टरांना कुणी बोलावलं नाही. रविवारची भाकर बंद झाली ती झालीच. बुद्धजयंतीच्या पाहुण्यांची यादी माझ्या अक्षरात होती आणि तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, "उद्या जयंती हाय ना?"

"हो जी."

"खीर करता का?"

"करतो जी."

ते फाइल ओढून वाचू लागले. त्या क्षणाची मला आजही शरम वाटते.

दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. दुर्ग स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. एक ट्रंक, एक वळकटी. गाडीनं शिटी दिली तेव्हा कुठं माझी जीभ उचलली.

"साहेब, त्या दिवशी माहं घर कावून नाही दाखवलं?"

वेड्यासारखं काय विचारतो, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुले तिथंच राहाचं होतं ना, बाबू. माही काय, बदली होते."

गाडी गेली. त्या संध्याकाळी तरी वस्तीत हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. भागाबाई मरेपर्यंत त्यांना शिव्या देत राहिली, तिलाही नाही. आज लिहितो आहे, तर त्या सभेतलं कुणी ऐकायला उरलेलं नाही.