चौथा कोपरा

व्हर्लिन स्टकीनं अख्खा हिवाळा एक वस्तू निवडण्यात घालवला. तेवढ्या वेळात त्याच्या मेव्हण्यानं, हारलननं, दुसरी बायको निवडली, लग्न केलं आणि पस्तावायला सुरुवातही केली.

वस्तू कसली, तर मायटर गेज. व्हर्लिनच्या गराजमध्ये गाडी नसते. ती बिचारी बाहेर बर्फात कुडकुडते. आत उबेला असतं ते करवतीचं टेबल. त्या टेबलातल्या खाचेतून सरकणारं, लाकूड हव्या त्या कोनात धरून गोल पात्यापाशी नेणारं अवजार म्हणजे हे गेज. फ्रेमचे कोपरे जुळतात ते त्याच्याच जिवावर. आणि व्हर्लिनच्या फ्रेमा आयोवातल्या या टीचभर गावात कुणाला ठाऊक नाहीत? चर्चच्या तळघरात, कॉफीच्या टेबलांमागच्या भिंतीवर, दर वसंतात त्या वर्षी दीक्षा घेतलेल्या मुलांचा फोटो त्याच्याच फ्रेममध्ये लागतो. पाद्री बदलले, गालिचा बदलला, फ्रेम करणारा तेवढा बदलला नाही.

पण नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून चौथा कोपरा मिटेना. तीन झकास जुळायचे आणि चौथ्यात नख जाईल एवढी फट.

"गेजची पट्टी खाचेत डुगडुगते," व्हर्लिननं निदान केलं. मग इकडचा प्रत्येक लाकूडवेडा करतो तेच त्यानंही केलं. पट्टीच्या कडेला टोकदार लोखंडी पंच धरून हातोडीनं खळगे पाडले, म्हणजे कड फुगते आणि पट्टी घट्ट बसते. इतकी घट्ट बसली की हलेना. म्हणून घासली, तर पुन्हा डुगडुगायला लागली. पुन्हा खळगे. शेवटी पट्टी देवी येऊन गेल्यासारखी दिसायला लागली, फट मात्र होती तिथंच.

"नवीन घे ना एकदाचं," त्याची बायको लोर्ना दारातून म्हणाली.

"बघतोय."

"किती बघशील? लग्नाआधी मला एवढं बघितलं नव्हतंस."

"तेव्हा कॅटलॉग नव्हता."

लोर्ना हसली, पण दारातून हलली नाही. मध्यंतरी पात्यानं त्याच्या अंगठ्याचं साल काढलं होतं, ते तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

"हे बघ, व्हर्लिन. नवीन आण. चौथा कोपरा मिटला तर मी चकार शब्द काढणार नाही. नाही मिटला, तर दोष गेजचा नव्हता. मग हे टेबल हारलनला देऊन टाकायचं. कबूल? मला सगळ्या बोटांसकट नवरा हवाय."

"कबूल," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याचं बघणं आणखी लांबलं. कारण उघड होतं. जुनं गेज होतं तोवर आरोपी ठरलेला होता. नवीन आलं की संशय घ्यायला एकच जण उरणार. तिरका काप घेताना पातं लाकडाला बाजूला ओढतं. तिथं पकड लागते. केसभर सरकलं तरी फट पडते. ही पकड आताशा राहिली नाही, हे व्हर्लिनला कधीचंच कळलं होतं. रविवारी चर्चबाहेर हस्तांदोलन टाळायला तो हात कोटाच्या खिशातच ठेवायचा. लोक म्हणायचे, थंडी फार बाधते याला.

बर्फ वितळून चिखल झाला तेव्हा कुठं तो वेंडेलच्या अवजारांच्या दुकानात गेला. वेंडेल त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्यानं काउंटरवर दोन गेज मांडली. एक चकचकीत, प्रत्येक कोनाला टक्कन बसणारं. दुसरं काळं, ओबडधोबड, वर लाकूड दाबून धरणारा खटका.

"हे काळं कुणासाठी?"

"शाळेसाठी. पोरांना लाकूड धरता येत नाही ना. खटका दाबला की तोच धरतो."

"मी काय सातवीत आहे?"

"सातवीतला इतका घोळ घालत नाही. चकचकीत घे आणि मोकळं कर मला. हे घे, धरून बघ."

वेंडेलनं लाकडाचा तुकडा चकचकीत गेजला टेकवला. व्हर्लिननं दात आवळून दाबला. वेंडेलनं गंमत म्हणून पलीकडून दोन बोटांनी ओढला, आणि तुकडा अलगद त्याच्या हातात आला.

मयताला गेला तरी विनोद करणारा हा माणूस. पण या वेळी त्यानं फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेलं काउंटर पुसायला लागला.

"मी जिना बसून उतरतो आता," पुसता पुसता तो म्हणाला. "बायकोला सांगितलंय, व्यायाम आहे."

व्हर्लिनला हसायचंही त्राण नव्हतं. "काळं दे," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं चार तुकडे कापले. खटक्याखाली लाकूड जागचं हललं नाही. मग तुकडे जुळवून चौकट मांडली. लोर्नानं येऊन चौथ्या कोपऱ्यात नख घालून पाहिलं, मग वर्तमानपत्रातलं सवलतीचं कूपन. काहीच आत जाईना.

"मिटला की! मग तोंड असं का?"

"मी नाही मिटवला. खटक्यानं मिटवला. माझा हात गेलाय, लोर्ना. नोव्हेंबरपासूनच."

तिनं मान हलवली. तिलाही ठाऊक होतं, असं दिसलं.

"बोली कोपऱ्याची होती," ती म्हणाली. "हाताचं काही ठरलं नव्हतं. टेबल इथंच राहील. चल आत, सूप गार होतंय. गोंद उद्या लाव."

"आजच लावतो. उद्या काय, उद्याही असाच दमलेला असेन."

त्यानं गोंदाची बाटली उचलली. बूच सुकून बसलं होतं. एकदा पिळून पाहिलं, पुन्हा पिळलं नाही. बाटली त्यानं लोर्नापुढे धरली.