व्याह्यांसाठी बरगड्या

वसंतभाऊजी कुणालाही ड्रमचं झाकण उघडू देत नसत. आत काय झालंय ते बघायला कुणी पुढे झालं की ते चिमट्यानेच त्याचा हात मागे सारत आणि म्हणत, "घाई केली का मांस रुसते गा. मंग कितीबी मनवा, मऊ होत नाई."

रेवा आणि अद्वैत, तुम्ही त्यांना फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलंत. तुमच्या आजोबांचे ते धाकटे भाऊ. पांढऱ्या मिशा, खांद्यावर पंचा, आणि फोन कानाला लावून बोलायची सवय असल्यामुळे तुम्हाला दिसायचा तो त्यांचा कान. परवा तुमच्या बाबांनी अंगणात धुरावर बरगड्या केल्याचा फोटो पाठवला, तेव्हा मला वाटलं, तुम्हाला नागपूरच्या बरगड्यांची हकीकत सांगावी. तुमच्या बाबांनीच त्या भाऊजींना फोनवर शिकवल्या.

भाऊजींनी आयुष्यभर आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवलं. निवृत्त झाल्यावर हुडकेश्वरला घर बांधलं. त्यांची बायको कुसुम, म्हणजे माझी जाऊ. तिच्या गळ्यात माळ; घरात अंडंसुद्धा येत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा. तिने सदर भागातल्या डायस या ख्रिस्ती कुटुंबातल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि दोघं बंगळुरूला गेली. डायससाहेब रेल्वेत गार्ड होते. लग्नानंतर त्यांनी घरी जेवण ठेवलं होतं आणि स्वतः हुडकेश्वरला येऊन बोलावणं केलं होतं. भाऊजी गेले नाहीत. पुढे राग ओसरला, लेक-जावई येऊ-जाऊ लागले, पण दोन्ही घरचे म्हातारे एका पंगतीला कधी बसले नाहीत.

ते भाऊजींना लागून राहिलं होतं. एकदा माझ्याकडे चहा पिताना म्हणाले, "वहिनी, त्यायच्या दारचं अन्न मी टाकलं. आता त्यायनं माह्या दारी पोटभर खाल्लं, तरच मी व्याही. नाई तं नुसता पोरीचा बाप."

पोटभर म्हणजे त्यांच्या आवडीचं. डायससाहेबांना डुकराच्या बरगड्या फार आवडतात, असं मनीषा कधीतरी बोलून गेली होती. तेवढं भाऊजींना पुरलं.

कुसुमशी त्यांचा तह झाला. ड्रम मागच्या भिंतीपाशी राहील, भांडी वेगळी, आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल नाही, आणि त्यातलं काहीही स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. आमच्याकडच्या पुष्कळ घरांत मटणाची चूल अशीच अंगणात असते आणि पुरुषच ती पेटवतात, त्यामुळे तह तसा नवा नव्हता. प्राणी नवा होता.

ड्रम त्यांनी स्वतः कापून, जाळ्या बसवून तयार केला. शेजारच्यांनी जुन्या कूलरचा पत्रा देऊ केला होता. तो त्यांनी घेतला नाही. जस्ताचा मुलामा तापला की विषारी धूर निघतो, असं त्या गृहस्थांना वर्गात शिकवल्यासारखं समजावून सांगितलं. लाकूड संत्र्याचं. काटोलकडच्या एका विद्यार्थ्याच्या बागेतल्या छाटलेल्या फांद्या आणून गच्चीवर वाळवल्या होत्या.

पहिल्या खेपेला सदरच्या दुकानदाराने सवयीने रश्श्यासाठी करतात तसे बोटभर तुकडे करून दिले. भाऊजींनी ते त्याच्याकडेच सोडले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन न तोडलेल्या बरगड्यांच्या अख्ख्या पट्ट्या आणल्या. हाडांच्या आतल्या बाजूला एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. तो काढला नाही तर मसाला आत जात नाही आणि चावताना रबरासारखा लागतो. मी शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. चमच्याचा दांडा हाडावरून पापुद्र्याखाली सरकवायचा, कोपरा सुटला की कोरड्या फडक्याने धरायचा आणि न थांबता ओढायचा. नुसत्या बोटांनी धरला तर निसटतो. तो एका ओढीत सबंध निघाला तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमी आयटीआयमदी पायजे होत्या."

पट्ट्यांना आदल्या संध्याकाळी मीठ चोळून त्या रात्रभर माझ्याकडच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. सकाळी धणे, काळी मिरी, दगडफूल आणि सुकी मिरची भाजून कुटली, थोडा गूळ घातला आणि तो मसाला दाबून लावला. निखारे एका बाजूला, पट्ट्या दुसऱ्या बाजूला. मग झाकण लावायचं आणि बसून राहायचं.

दिवस निवडताना फार काळजी घेतली होती. एकादशी नको, चतुर्थी नको, अमावस्या नको. गुरुवारी कुसुमचा उपास. कॅलेंडर पुढे-मागे करून आम्ही तिघांनी मार्चमधला एक शुक्रवार काढला. भाऊजींनी स्वतः सदरला जाऊन आमंत्रण दिलं. काय करणार ते सांगितलं नाही, मनीषालाही कळवलं नाही. डायससाहेब लगेच हो म्हणाले.

ऊन तापू लागलं होतं, खिडकीला कूलर चढला होता. तो नेमका ड्रमच्या दिशेला. उंबऱ्यावर अडवलेला वास कूलरने ओढून थेट देवघरात नेला. कुसुम बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "आता देवालेबी बरगड्या खाऊ घालून राहिले का?" मग तिने कूलर बंद केला आणि त्या उकाड्यात भाकरी थापत बसली.

दुपारी डायससाहेब आणि त्यांच्या पत्नी रोझीबाई आले. पानं व्हरांड्यात मांडली होती. भाऊजींनी पट्टी चिमट्याने मधोमध उचलली. ती वाकली, हाडांची टोकं उघडी पडली होती, म्हणजे मांस नीट शिजलं होतं. त्यांनी ती कापून स्वतः व्याह्यांच्या पानात वाढली आणि हात जोडून उभे राहिले.

डायससाहेबांनी पानाकडे पाहिलं, पत्नीकडे पाहिलं, आणि हात मांडीवरच ठेवला.

भाऊजींचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्यांना वाटलं, हे त्या जुन्या जेवणाचं उत्तर आहे.

"वसंतराव," डायससाहेब हळूच म्हणाले, "आमचे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस चालू हाय. शुक्रवारी आम्ही मांस खात नाही. तुमच्या घरी तर भाजी-भाकरीच असते, म्हणूनच मी शुक्रवारले हो म्हटलं."

आपले सगळे वार आम्ही पाहिले होते. त्यांचेही वार असतील हे तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारातून कुसुम बाहेर आली. "उपास हाय? बाप्पा, मंग सांगाले काय झालं?" तिला जणू जन्माची ओळख पटली. काय चालतं, काय नाही, दूध चालतं का, कांदा चालतो का, अशी तिने रोझीबाईंची पूर्ण चौकशी केली. मग भरीत, पिठलं, भाकरी आणि वर कढत तेल-ठेचा वाढला. दोघं खरोखर पोटभर जेवले.

भाऊजी मात्र ड्रमपाशी पाठ करून उभे होते. कुसुम मागच्या दारात आली.

"ते काहून तिथी ठेवलं? एवढ्या तपनीत खराब होईन. आत आना."

"आत कुठी?"

"फ्रिजमदी."

तिने खालचा खण रिकामा केला, दह्याचं पातेलं वर सरकवलं आणि आपला मोठा स्टीलचा डबा उंबऱ्यावर आणून ठेवला. "व्याह्यायचं हाय ते, आपलं नाई. रविवारी आपनच नेऊन देऊ."

रविवारी दोघं डबा घेऊन सदरला गेले. भाऊजी त्या दारी जेवले. कुसुमने चहा घेतला आणि केळं खाल्लं. रोझीबाईंनी डबा रिकामा परत दिला नाही. त्यात स्वतःच्या झाडाची लिंबं भरून दिली. तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात गेला नाही, पण मोडीतही गेला नाही. व्हरांड्यातल्या फळीवर त्याची जागा ठरली.

भाऊजी मागच्या दिवाळीनंतर गेले, झोपेतच. तेराव्याच्या आधी डायससाहेबांचा मला फोन आला. त्या दिवशी आमच्याकडे काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्यांना नीट समजून घ्यायचं होतं.

यंदा उन्हाळा लागताना कुसुमने मला बोलावून घेतलं. "ताई, व्याह्यायचे उपास सुटून राहिले. ड्रम कसा पेटवते, तुमाले माहीत हाय ना?"

मी पापुद्रा काढला, मसाला लावला. कुसुमने मांसाला हात लावला नाही. कूलर तिने आधीच बंद केला होता. भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून ती संत्र्याची एकेक काडी माझ्या हातात देत होती, शेजारी डबा घासूनपुसून ठेवलेला. बराच वेळ झाला, म्हणून मी झाकणाकडे हात नेला.

"राहू द्या, ताई," कुसुम म्हणाली. "घाई केली का रुसते ते."