झोपाळूची झोप

फुलसावंगीत कुठेही झोपणारी एकच पोरगी होती, आमच्या शेजारच्या भाऊजींची मोठी. तिला सगळे झोपाळूच म्हणत. आमच्या खोलीत कापूस भरला की इतर पोरांना त्यात खाज सुटायची, ही त्यावर घोरायची. एसटीत बसली तर गाडी सुरू व्हायच्या आत हिचं डोकं खिडकीला.

पण जागी असली की पळावं तिनेच. राज्याच्या शर्यतीआधी मैदानाच्या कडेला बाईसाहेब झोपलेल्या. मैत्रिणीने हलवून उठवलं, तशी ही उठून पहिली आली! मी विचारलं, "काय वं, भेव नाही वाटत तुले?"

"भेव वाटाले जागं राहा लागते, काकू."

पुढे देशाच्या संघात निवड झाली, ती शिबिरात राहायला गेली. मग परदेशातल्या शर्यतीत मागे पडली आणि सुट्टीवर घरी आली. तोंड एवढंसं झालेलं. तिला हुरूप यावा म्हणून गावाने बँड लावून सत्कार केला. प्रेम करायची आमची तीच एक रीत. नंतर रोज कोणीतरी पेढे घेऊन दारात, सोबत फोटो आणि वर आग्रह, "पुढच्या खेपेले सोनंच आणजो बाई!" ती हसून मान डोलवायची.

एका दुपारी ती मागच्या दाराने आली. "काकू, मले कापसावर झोपू दे." मी दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळाने डोकावले, तर डोळे टक्क उघडे.

"झोपच येत नाही वं काकू. डोळा लागला का शर्यत सुरू होते, अन् मी हरतो."

"यवतमाळले मनाचे डॉक्टर हायेत. जाऊ आपण."

तिने माझा हात घट्ट धरला. "नाही. शिबिरात समजलं त म्हणतीन, हिचं डोकं फिरलं. नाव कापतीन माहं."

तरी मी भाऊजींच्या कानावर घातलं. ते रागावले असते तर मी भांडले असते. पण त्यांचेच डोळे भरून आले. "वहिनी, थकली हाये ते. बोभाटा झाला त पोरीचं पळणं जाईन." घरी दृष्ट काढली. मी डोक्याला तेल चोळलं, थोपटलं. त्यापलीकडे मला काही येत नव्हतं, आणि त्याने काही होत नव्हतं.

सुट्टी संपली. स्टँडवर पुन्हा हार, पुन्हा फोटो. ती महागावच्या एसटीत खिडकीशी बसली. गाडी हलली, फाट्याकडे वळली. मी नुसती तिच्या डोक्याकडे बघत होते.

ते शेवटपर्यंत ताठच राहिलं.