खडकावरची मादी

कॉलेजात तिला सगळे कोळीबाई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि सुट्टी आली की गावाबाहेरच्या रानात खडकांना नाक लावून कोळी शोधायची. नवरा बँकेत कॅशियर. कोळ्यांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, पण बायको एकटी कशी जाणार म्हणून पाण्याची बाटली आणि छोटा आरसा घेऊन मागोमाग जायचा. आरशाने कवडसा पाडून कपारीत उजेड टाकायचा, हे त्याचं काम.

त्या रानात दाट झाडांच्या सावलीत मोठमोठे खडक होते. त्यांच्या उभ्या, शेवाळलेल्या अंगाला एक चपटा, राखी कोळी डोकं खाली करून चिकटलेला असायचा. हलला नाही तर दगडावरचा डागच वाटावा. असाच कोळी झाडांच्या खोडांवरही दिसायचा, पण तिचं म्हणणं, ही वेगळीच जात आहे, फक्त खडकावर राहणारी. नवरा म्हणायचा, "अगं, झाडावरचाच आहे तो. घर बदललं म्हणून माणूस बदलतो का?" जेवताना यावरून हमखास वाजायचं. निकाल काही लागेना, कारण अंगावरची नक्षी फसवी. पूर्ण वाढलेल्या मादीच्या पोटाखालची खूण सूक्ष्मदर्शकातून पाहिल्याशिवाय जात ठरत नाही, आणि यांना मिळायची ती पिल्लं नाहीतर नर.

मग नवऱ्याच्या काळजाने दगा दिला. दवाखान्यातही त्याने विचारलं होतं, मादी मिळाली का म्हणून. जळो मेला तो कोळी, असं ती म्हणाली आणि त्याचे पाय चेपत बसली. त्याच आठवड्यात तो गेला.

पुढे कितीतरी दिवस तिने रानाचं नाव काढलं नाही. शेवटी लेकीनेच बळेबळे नेलं. आरसा लेकीच्या हातात होता. कवडसा भलतीकडेच नाचत होता. कपारीत डोळे घातलेली ती सवयीने बोलून गेली, "अहो, जरा वर घ्या."

लेकीने आरसा वर केला. कवडशात मादी बसली होती, पूर्ण वाढलेली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने ती खूण पाहिली. झाडावरच्या जातीची होती, तंतोतंत. तिने पुन्हा पाहिलं, आणखी एकदा पाहिलं.

"काय निघालं, आई?"

"तुझ्या बाबांचं खरं निघालं," ती म्हणाली, आणि डोळा भिंगावरून काढेचना. लेकीने खांद्याला धरून तिला उठवलं, तेव्हा भिंग ओलं झालं होतं.

त्यानंतर ती रानात गेली नाही. विद्यार्थी चला म्हणाले की गुडघ्यांचं कारण सांगायची. गुडघे ठणठणीत होते.