अनवाणी ट्रायल

माझं कुणी खरं मानलं नाही. नवऱ्याने नाही, पोरीने नाही, गल्लीने नाही. चौथी शिकलेली बाई, गाडीतलं तिला काय कळतं, असंच सगळ्यांचं. मला गाडीतलं कळतं असं मी म्हणतही नाही. पण थरथरतंय ते थरथरतंय, त्याला शाळा कशाला लागते? गॅरेजच्या कोपऱ्यात जळक्या क्लच प्लेटा साठतात तसे हे किस्से माझ्याकडे साठलेत. प्लेटा निदान भंगारवाला नेतो.

झाशीत ओरछा गेटच्या आत आमचं गॅरेज, मागे घर. क्लच आणि गिअरबॉक्स, एवढंच काम. मिस्त्री आमचे हे. सगळे ह्यांना रावजी म्हणतात. हाताखाली रामसेवक, त्याचे केस आमच्याकडेच पिकले. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. परत चढवताना एखादा बोल्ट नीट बसला नाही तरी गाडी थरथरते. म्हणून काम झालं की ट्रायल. थरथर तळव्याला कळावी म्हणून हे चपला काढून ठेवायचे आणि अनवाणी गाडी चालवायचे. मी मागच्या सीटवर, खडखड ऐकायला. फेरी मारून उतरले की सांगायचे, "डावं फाउंडेशन." म्हणजे इंजिन ज्या रबरावर बसतं ते. उघडलं की तेच निघायचं.

एक वकीलसाहेब म्हणाले, "रावजी, कंप्यूटर से चेक कराओ."

हे म्हणाले, "वकीलसाहब, कंप्यूटर के पाँव कहाँ हैं?"

साऱ्या बाजारात हे बोलणं फिरलं. मलाही तेव्हा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

*

मग एका मास्तरीणबाईंची छोटी गाडी परत आली. क्लच नवा टाकलेला, आणि त्या म्हणतात सिग्नलला उभी राहिली की अख्खी गाडी थरथरते. हे अनवाणी बसले, फेरी मारून आले. "बहनजी, कुछ नहीं है. सड़क खराब है."

"अहो, सिग्नलला तर गाडी उभीच असते," मी मागच्या सीटवरून सरळ म्हटलं, "आणि आत्ताही माझ्या मांडीवरचा डबा वाजतोय."

"तुझ्या डब्याचं झाकण सैल आहे."

सगळे हसले. मास्तरीणबाईही हसल्या, आणि दुसऱ्या गॅरेजला गेल्या. तिथे फाउंडेशनचा एक बोल्ट नुसता भोकात ठेवलेला निघाला. मी घरी सांगितलं. हे म्हणाले, "दुसऱ्याचं काम उघडलं की सगळे असंच बोलतात." पोरीला सांगितलं. तिला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. "आई, पापा को टोका मत करो."

*

एरच गावचे एक म्हातारेबुवा जीप घेऊन आले. बोलणं कमी, पण हट्टी. चहाचा भरलेला ग्लास हातात धरून ट्रायलला शेजारी बसले. वेग घेतला तसा चहा धोतरावर.

"ग्लास ज़्यादा भरा था," हे म्हणाले.

बुवांनी अर्धा ग्लास मागवला. तोही सांडला.

"तो हाथ काँपता होगा, दादा."

"हाथ हमाओ नईं काँप रओ, रावजी. गाड़ी काँप रई."

शेवटी गाडी वर घेतली. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जो लांब दांडा जातो तो काढताना रंगाची खूण करतात, बसवताना खुणेला खूण जुळवतात. ती जुळवलेलीच नव्हती. बुवांनी विचारलं, किसने बाँधा? हे म्हणाले, "रामसेवक ने." रामसेवक म्हणाला, "जी."

दांडा ह्यांनी बांधला होता, मी चहा देताना पाहिलं होतं. संध्याकाळी मी रामसेवकला झापलं, जी कशाला म्हणालास?

तो म्हणाला, "भाभीजी, काम तो हमने इनईं सें सीखो."

*

आता हे ऐका. एका गाडीचा गंजलेला नट रामसेवकने गॅसने कापला. तुकडा लाल होऊन फरशीवर पडला. हे ट्रायलहून आले, अनवाणीच, आणि रामसेवकशेजारी उभे राहून बोलत राहिले. थोड्या वेळाने नाक वर करून म्हणतात, "रामसेवक, देख तो, क्या जल रहा है?"

ह्यांचाच तळवा जळत होता.

मी पाय धरून बसवलं, पाणी ओतलं. हे पायाकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "कधी झालं हे?" मला विचारतात.

डॉक्टर म्हणाले, शुगर. तळव्यांना कळत नाही, हातांच्या बोटांनाही कळेनासं झालंय, गाडी चालवू नका. घरी आल्यावर ह्यांनी मला दम दिला, "कुणाजवळ बोलायचं नाही. रावजीचा तळवा गेला म्हटलं तर गॅरेजला कुलूप."

मी म्हटलं, "ट्रायल रामसेवकला करू द्या. कुलूप कशाला?"

रात्री जेवले नाहीत. सकाळी पट्टी बांधलेला पाय घेऊन परत पेडलवर. मी जावेला सांगितलं, शेजारणीला सांगितलं. दोघींचं एकच, शुगर कुणाला नाही?

*

गरौठ्याचा हरगोविंद टॅक्सी चालवतो. त्याचा क्लच आम्हीच बदलला. ट्रायलला माझे दात वाजत होते. मी म्हटलं, गाडी देऊ नका. हे म्हणाले, "कुठंय? काही नाही," आणि किल्ली दिली.

भरल्या गाडीत, शेतांच्या मधोमध, गिअरबॉक्सचं कवच तडकलं. माणसं वाचली. हरगोविंद गाडी ओढत घेऊन आला, बरोबर गावची माणसं. गिअरबॉक्स उतरवला. वरचे बोल्ट कसलेलेच नव्हते. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपून कसावी लागते. ते काम आमच्याकडे हेच करतात, कुणाला हात लावू देत नाहीत.

बोल्ट हाताखालचाच कसतो असं धरून हरगोविंदने रामसेवकची कॉलर धरली. हे म्हणाले, "छोड़ो उसे. आज से ये यहाँ काम नहीं करेगा."

रामसेवकने कॉलर सोडवली, अंगातला कामाचा शर्ट काढला, घडी केली आणि बाकावर ठेवला. असा डाग लागलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला झाशीत कुणी दारात उभं करत नाही. तो ह्यांच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. हे मात्र माझ्याकडे बघत होते.

ते बघून हरगोविंद माझ्याकडे वळला. "भाभीजी, आप तो यहीं बैठती हो. ऊपर के बोल्ट किसने कसे थे? नाम बोलो."

ह्यांचं नाव मी लग्नात घास भरवताना एकदा घेतलं. त्यानंतर रेशनच्या रांगेतसुद्धा पोरीनेच सांगितलं.

मी म्हटलं, "मधुकर."