दुसऱ्याचं खुरपं

वऱ्हाडाला समुद्र नाही याचं दुःख आजवर एकाच माणसाला झालं आहे, आणि तो माझा मावसभाऊ आहे. बार्शीटाकळीला मावशीचा भाजीचा मळा. पाणी विहिरीचं, तेही वीज असेल तर. तिथे वाढून हा पठ्ठ्या समुद्रशास्त्रज्ञ झाला आणि भर दर्यात जहाजावरून खाऱ्या पाण्याच्या बाटल्या भरू लागला. स्वस्थ बसणं त्याला जन्मात जमलेलं नाही. पंगतीत बसला, तर मठ्ठा येईपर्यंत उठून स्वतःच वाढायला लागतो. अकोल्याला माझ्याकडे आला की माझा पंखा दुरुस्त करतो. पंखा चांगला फिरत असला तरी! दुसऱ्याच्या हातात काम दिसलं की याचे हात शिवशिवायला लागतात.

हीच शिवशिव जहाजावर नडली. पहिल्यांदाच चार नवे संशोधक त्याच्या हाताखाली दिले होते. यानं त्यांना बाटलीला हात लावू दिला नाही, तीन दिवस सगळं एकट्यानं केलं आणि चौथ्या दिवशी तापानं आडवा झाला. बाकीच्यांना काहीच शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे काम ठप्प. संस्थेतल्या मोठ्या मॅडमनी त्याला तरुण समुद्रशास्त्रज्ञांच्या नेतृत्व-शिबिराला धाडलं आणि बजावलं, की पुढच्या मोहिमेत या चौघांकडून काम करून घेता आलं नाही, तर कायमचं किनाऱ्यावरच. मला हे सांगताना तो माझ्या घरात पहिल्यांदाच एका जागी उभा होता. मला फार वाईट वाटलं.

शिबिरातून तो शिट्टी आणि रंगीत तक्ता घेऊन थेट मळ्यात आला. मीही तिथेच होतो. मेथीतलं तण काढायला निंदण चाललं होतं. निंदताना प्रत्येक बाईच्या वाट्याला एक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. यानं बायांचे 'जलद' आणि 'मंद' असे दोन गट पाडले आणि शिट्टी फुंकली. मंद गटातली सगळ्यांत म्हातारी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काहून रे बावा, मले मंद म्हणून राहिला? तुले मांडीवर खेळवलं म्या!"

खुरपी टाकून सगळ्या बाया बांधावर जाऊन बसल्या. मावशीनं त्या तक्त्यावर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या ठेवल्या, आपली पात सोडली आणि म्हातारीच्या पातीत दुसऱ्या टोकाकडून निंदायला बसली. थोड्या वेळानं म्हातारी पुटपुटत उठली आणि अलीकडून निंदू लागली. मग एकेक करून बाकीच्याही उठल्या. हा म्हातारीच्या खुरप्याकडे हात नेणार, तोच मावशी वर न बघता म्हणाली, "तू उभा राय. जी कामात मांगं पडली, तिच्या पातीत जायचं, पन तिचं खुरपं नाई घ्यायचं."

पुढच्या मोहिमेत कितीतरी दिवस त्याचा फोन लागेना. मावशी मला रोज विचारायची, "जहाजावरून उतरवलं असन काय रे त्याले?" मी पुन्हा त्याचा नंबर फिरवायचो. शेवटी एका दुपारी निरोप आला : "दादा, साऱ्या बाटल्या त्या चौघांनीच भरल्या. मी बाजूले उभा होतो. मायले सांग, कोनाचं खुरपं नाई घेतलं."

मी तो मावशीला वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला लावला.

आता त्याला लागोपाठ मोहिमा मिळतात, त्यामुळे यंदा दिवाळीलाही तो येणार नाही. घर फार शांत वाटतं. माझा पंखा मात्र खरोखरच बिघडला आहे. मिस्त्री दोनदा येऊन गेला, पण मी त्याला हात लावू दिलेला नाही.